सुचलेलं टिपून कुठे ठेवता? वही, मोबाईल आणि आपला पाऊस

कातळसडा (धागाकर्ता) | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

कामाच्या याद्या, डायऱ्या आणि ॲपं यांवर आंतरजालावर ढिगाने लिहिलंय, पण ते बहुतेक सगळं टेबलाशी बसणाऱ्यांनी टेबलाशी बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं. आपल्याकडे मृग लागला की कागद सर्दावतो, मोबाईलच्या काचेवर ओलं बोट चालत नाही, आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. अशा जागी राहून डोक्यातलं कुठे उतरवता, हे विचारायला धागा काढतोय.

गुहागर तालुक्यात माझी हापूसची कलमं आहेत, थोडा काजू आहे, शिवाय घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्यामुळे दिवसभरात सुचणाऱ्या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. पालवीवर तुडतुडा दिसला, पंपाचा वॉशर गेला, शनिवारच्या पाहुण्यांना शाकाहारी जेवण हवंय, तलाठ्याला सातबाऱ्याचं विचारायचंय, आणि मध्येच वाटतं की फणसाची साटं यंदा लहान पाकिटांत विकून बघावी. हे सुचतं तेव्हा हात बहुधा मोकळे नसतात. फवारणीची नळी असते नाहीतर कोयता.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. टिपणं हे एक काम आणि लावून ठेवणं हे दुसरं. जुन्या दुकानदारांना हे पक्कं ठाऊक होतं. दिवसभर जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत, आणि दिवेलागणीनंतर त्यातलं एकेक ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत. गिऱ्हाईक समोर उभं असताना कोणी खतावणी उघडत नसे. आपण मात्र ॲप उघडतो आणि ते लगेच विचारतं: यादी कुठली, तारीख कुठली, महत्त्व किती, रंग कोणता. तेवढ्यात सुचलेलं पळालं.

म्हणून माझी कीर्द कागदावर आहे. खिशात मावणारी, वरून स्प्रिंग असलेली वही आणि तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच, कारण जेल पेनची शाई एका थेंबात पसरते. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पसरत नाही, पण सर्दावलेल्या पानावर ते धड उठत नाही. ग्राफाइट पाण्यात विरघळतच नाही. वहीवर प्लास्टिकची पिशवी. विभाग नाहीत, अनुक्रमणिका नाही, एकाखाली एक ओळी.

खतावणी रात्रीच्या जेवणाआधी. ज्याला दिवस-वेळ आहे ते मोबाईलच्या कॅलेंडरात, गजरासकट, कारण वही वाजत नाही. फवारणीची नोंद वेगळ्या रजिस्टरात. नुसतं सुचलेलं, ज्याचं अजून काम झालेलं नाही, ते एका जाड वहीत. राहिलेलं खोडायचं. दुपारी फार मोठं वाटलेलं बरंचसं संध्याकाळी हसू येण्याजोगं असतं, ते खोडायला मला मजा येते.

अडतं ते एका ठिकाणी. ज्या कामांना तारीखच नसते त्यांचं काय? 'उघडीप मिळाली की कौलं बघायची' हे कॅलेंडरात कुठल्या दिवशी टाकू?

*

हर्णैकर | ९ जून, रात्री १०:१५

बोटीवर वही टिकत नाही आणि मोबाईल पिशवीत बांधलेला असतो. आमच्या केबिनमध्ये आतल्या फळीला ऑइलपेंट मारलाय. त्यावर फेरीला निघताना लागतं ते कायमचं रंगवून ठेवलंय: डिझेल, बर्फ, पाणी, राशन, गॅस, लाईफ जॅकेट, कागदपत्रं. एकेक भरलं की पुढे खडूने फुली. परत आलो की ओल्या फडक्याने फुल्या पुसायच्या. दर वेळी तेच लागतं तर दर वेळी ते लिहायचं कशाला?

दुसरी फळी बिघाडांची. विंच कुरकुरतोय, बॅटरी चार्ज धरत नाही, अमक्या फळीतून पाणी झिरपतंय, जे दिसेल ते ज्याला दिसलं त्या खलाशाने तिथेच सुतारी पेन्सिलीने लिहायचं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगायला जायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर ओढलेली असते, तेव्हा मिस्त्रीला आणून फळीसमोर उभा करायचा. आत्ता तेच चाललंय.

जाळं कुठे अडकतं, मासळी कुठे लागते त्या जागा जीपीएसमध्ये साठवतो. पण त्यांचे आकडे घरच्या वहीतही उतरवलेत. यंत्र बिघडलं आणि जागा गेल्या, असं बंदरावर पुष्कळांचं झालंय.

*

सायलेंट_वाचक | ९ जून, रात्री १०:३२

वाखूसा (वाचनखूण साठवली). फळीची कल्पना जबरी.

*

पुणे_ते_देवरुख | ९ जून, रात्री ११:०५

धागा आवडला, पण वहीचं कौतुक जरा जास्त होतंय असं नम्रपणे नोंदवतो. वहीत शोधता येत नाही. 'त्या प्लंबरने मागे कुठला पाईप सांगितला होता' हे दोन वर्षांपूर्वीच्या वहीत शोधून दाखवा.

मी आयटीतला, घरून काम करतो. सगळी टिपणं साध्या टेक्स्ट फायलींत. वर ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप आहे, पण ते उद्या नाहीसं झालं तरी फायली कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडतील. ॲप निवडताना मी हे एवढंच बघतो. कामाच्या याद्यांचं वंडरलिस्ट आठवतंय का? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, मे २०२० मध्ये बंद. गुगलचं ईमेलचं ॲप इनबॉक्स २०१९ मध्ये गेलं. टिपणांच्या एव्हरनोटने २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्यांना पन्नास टिपणांची मर्यादा घातली. वहीचा कारखाना बंद पडला तरी लिहिलेली वही वाचता येते, तसं डिजिटललाही हवं.

नेटवर्कचा प्रश्न खरा आहे. त्यावर सिंकथिंग बघा. ते फोन आणि लॅपटॉप घरच्याच वाय-फायवर एकमेकांशी जुळवून घेतं, मध्ये इंटरनेट लागत नाही. राउटर इन्व्हर्टरवर असला म्हणजे झालं.

आणि हात ओले असतील तर टाइप कशाला करायचं? गुगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत २०१७ पासून मराठी आहे. तुडतुड्याचं ते काहीतरी भलतंच करतं, पण संध्याकाळी वाचून कळतं.

*

कातळसडा | १० जून, सकाळी ६:५०

@पुणे_ते_देवरुख, शोधण्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच खतावणी वेगळी ठेवलीय. रोजची वही शोधण्यासाठी नाहीच, ती संपली की चुलीत गेली तरी चालेल. प्लंबरचा पाईप त्या रात्रीच मोबाईलमध्ये त्याच्या नंबराशेजारी जायला हवा.

बोलून लिहिणं मी करून बघितलं. कलमाखाली उभं राहून मोबाईलशी बोलताना गडी बघायला लागतात. 🙂 आणि पावसाच्या आवाजात त्याला काही कळत नाही.

*

माडावयलो | १० जून, सकाळी ८:२०

माका येवढी भानगड जमणा नाय. आमच्या घराक एकच वही, ती भितीक टांगलेली. कालनिर्णय! दूध किती घेतला, गॅस कधी लावलो, लायटीचा बिल कधी भरला, गाय कधी फळली, सगळा त्याच चौकटीत. वरीस सरला की जुना काढूचा नाय, तेच्यारच नवा टांगूचा. गेल्या वरसाचा बघूचा झाला तर पाना वर करूची. ह्याका बॅटरी लागणा नाय आणि पासवर्ड पण लागणा नाय. म्हातारेक पण वाचूक येता.

आणि अभिमानान सांगतंय, १९७३ सालात ह्या सुरू करणारे जयंतराव साळगांवकर आमच्या मालवणचे.

दुसरा म्हणजे, तिथी. तिथी कळली की भरती कळता. तिथीची पाऊणपट, झाली भरतीची येळ. खंयचा ॲप व्हया?

*

मीनल_इन_मुंबई | १० जून, सकाळी ९:०२

पाऊणपट म्हणजे कसं? कोणी उलगडून सांगेल का? आजोळी ऐकलंय पण कधी विचारलं नाही.

*

हर्णैकर | १० जून, सकाळी ९:३०

चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला गणिताने सव्वाअकरा येतात, आम्ही बारा धरून चालतो. त्यानंतरची भरती साधारण साडेबारा तासांनी. मधली ओहोटी त्याच्या अर्ध्यावर. पक्ष बदलला की मोजणी परत प्रतिपदेपासून. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून पाऊणपट.

पण बंदरागणिक आणि खाडीत आत जाल तसा फरक पडतो. किनाऱ्यावर फिरायला हा हिशोब पुरे, बोट आत घ्यायची तर छापील कोष्टक बघतो.

*

पुणे_ते_देवरुख | १० जून, सकाळी ९:४१

धागा भरकटून त्याचं काश्मीर होण्याआधी कोणीतरी वहीवर परत या. (पण हा हिशोब मी माझ्या फायलीत टाकून घेतलाय.)

*

काजूगर | १० जून, दुपारी २:१५

भरती अवांतर नाहीच. कातळसडा यांनी विचारलंय त्याचं उत्तर त्यातच आहे.

आमच्याकडच्या कामांना तारीख नसली तरी अट असते. ओहोटी असली तरच तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाता येतं, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. वेंगुर्ल्यात माझा काजू प्रक्रियेचा छोटा उद्योग आहे. बी वाळवायला ऊन लागतं, कटिंगला बायका लागतात, ड्रायरला लाईट लागते. यातलं एकही मंगळवारी सकाळी दहा वाजता मिळेल असं कोणी लिहून देत नाही. सुरुवातीला मी सगळं मोबाईलमध्ये तारखा टाकून ठेवायचे. सकाळी तो वाजायचा 'बी वाळत घालणे' आणि बाहेर धो धो. मग ते उद्यावर ढकल, परवावर ढकल. आठवड्याने त्या वाजण्याकडे लक्षच जाईनासं होतं, आणि मग खरोखर तारखेचं काम, जीएसटी वगैरे, तेही त्या आवाजात बुडतं. म्हणून तारीख नसलेल्या कामाला खोटी तारीख द्यायची नाही, हा माझा नियम.

आता एका वहीत पानांना अटींची नावं आहेत. 'उघडीप'. 'लाईट आली की'. 'लाईट गेली की' (हेही लागतं! हिशोब तपासणं, पाकिटांवर शिक्के मारणं, डबे पुसणं). 'कुडाळला गेले की'. आणि माणसांची पानं: 'सीए', 'गाडीवाला', 'धाकटी जाऊ'. ऊन पडलं की 'उघडीप'चं पान उघडते: बी, गाद्या, कौलं, लोणच्याच्या बरण्या, मागच्या पडवीचा ताडपत्रीचा दोर. जेवढं उरकेल तेवढं. कुडाळला निघताना फक्त ते पान बघते. सीएचा फोन आला की त्याचं पान समोर घेते, म्हणजे फोन ठेवल्यावर 'अगं हे विचारायचं राहिलं' होत नाही.

पान भरलं की त्याच नावाचं दुसरं पान काढत नाही. आधी काहीतरी खोडायचं. 'उघडीप'च्या पानावर एका पावसाळ्यात होण्यासारखं जेवढं असतं तेवढंच मावतं.

काही फोनमध्ये ठिकाणावर आठवण लावता येते, आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये आहे. गावात शिरलं की वाजतो. ते 'कुडाळ'च्या पानाला चालेल. पण 'उघडीप' कळणारा फोन मला अजून भेटला नाही.

*

कातळसडा | १० जून, रात्री ९:१०

ताई, हे भारी आहे. आजच पानं पाडतो. 'गडी आले की' हे माझं सगळ्यात लांब पान होणार असं दिसतंय.

*

टिपकागद | ११ जून, सकाळी ७:१५

कामांचं झालं, आता नुसत्या सुचण्याबद्दल थोडं.

मी राजापूर भागात शिक्षिका आहे. मुलांच्या बोलण्यातले शब्द, शेतांची आणि पाणंदींची नावं, ओव्यांच्या ओळी असं काहीबाही जमवते. त्यातून कधी लेख होतो, बहुतेक वेळा होत नाही. अशा गोष्टींना यादी मारक ठरते. यादीत टाकलं की ते 'करायचं राहिलेलं' होऊन डोळे वटारतं.

मी चिठ्ठ्या वापरते. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, वर कोपऱ्यात तारीख आणि गाव, कोणाकडून ऐकलं ते मागे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांनी आयुष्यभरात अशा सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक टाकून त्या जोडल्या. त्यांची पुस्तकं त्या खणांतून निघाली. माझ्या चिठ्ठ्यांना क्रमांक नाहीत, गावागावाने लावलेल्या आहेत, आणि पुस्तक तर दूरच. पण सुट्ट्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून इकडच्या तिकडे करता येतात हे सुख वहीत नाही आणि पडद्यावरही नाही. तीन वेगळ्या गावांत एकाच झाडाच्या नावावरून पाणंदीचं नाव पडलेलं असलं, तर ते अशा पसाऱ्यातच दिसतं.

दमटपणाचं विचाराल तर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला आतून कागद, आणि औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. दसऱ्यानंतर उन्हात. तरी बुरशी येतेच, म्हणून दर महिनाअखेरीस चिठ्ठ्यांचे फोटो काढते. फोटो साधे असले तरी चालतात, फक्त सावली पडू देऊ नका आणि त्या महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, नाहीतर लग्नाच्या फोटोंत हरवतात.

एक सूचना: दुकानाच्या पावतीच्या मागे काही टिपू नका, आणि पावतीही तशीच ठेवू नका. उष्णतेने छापायचा कागद असतो तो, आपल्या हवेत बघता बघता पांढरा होतो.

*

शंकेखोर | ११ जून, सकाळी १०:४०

लिहून टाकलं की डोकं हलकं होतं असं सगळेच म्हणतात, त्यामागे थोडं शास्त्रही आहे. ब्लुमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेलं काम १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं: अर्धवट सोडायला लावलेली कामं लोकांना पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहिली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे तसंच दिसलं असं मात्र नाही. मला २०११ चा मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचा अभ्यास जास्त उपयोगी वाटतो. अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत केला की काम न होताही टोचणी कमी होते, असं त्यांना आढळलं. म्हणजे नुसतं 'कौलं' एवढं लिहून भागत नाही. 'उघडीप मिळाली की मागच्या पडवीची कौलं, शिडी शेजाऱ्यांकडून' असं लिहिलं की मन गप्प बसतं. काजूगर ताईंची अटींची पानं म्हणजे असे बेतच आहेत.

आणि 'हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं' हे कोणी फेकण्याआधी: २०१४ मध्ये तसा एक गाजलेला अभ्यास आला होता, म्युलर आणि ओपनहायमर यांचा, वर्गात टिपणं घेण्याबद्दल. इतरांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा फरक तितका ठसठशीत निघाला नाही. तेव्हा ज्याला जे सोयीचं ते वापरा, शास्त्राच्या नावाने एकमेकांना झोडपू नका.

*

बाणकोट_खाडी | ११ जून, दुपारी १२:३०

झोडपायला शास्त्र नको, वादळ पुरेसं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आमच्या मंडणगड-दापोली पट्ट्यात खांब आडवे, टॉवर बंद, लाईट कित्येक गावांत आठवडे नव्हती. फोन चार्ज करायला कोणाच्या तरी जनरेटरपाशी रांग. आणि चार्ज झालेल्या फोनचं करायचं काय, रेंज नाही. शेवटी रेंज मिळेल अशा जागी एका माणसाला पाठवायचं ठरलं, तर मुंबईतल्या नातेवाईकांचे नंबर कोणालाच तोंडपाठ नाहीत. आईच्या जुन्या वहीत होते. लॅमिनेट केलेला नंबरांचा एक कागद तेव्हापासून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.

*

वाशिष्ठीकाठ | ११ जून, दुपारी १:०५

आणि आम्ही चिपळूणचे उलटं सांगणार. २२ जुलै २०२१. बाजारपेठेत पाणी शिरलं, दुकानातली सगळी वही-खाती, उधारीची नोंद, पावत्यांच्या फायली, सगळ्याचा लगदा. पेन्सिल असो की बॉलपेन, पानंच राहिली नाहीत तर शाईचं काय घेऊन बसलात. उधारीतलं जे व्हॉट्सॲपवर कोणाला ना कोणाला फोटो काढून पाठवलेलं होतं, तेवढं वाचलं. विमावाल्यालाही तेच दाखवलं.

आता दुकान बंद करताना दिवसाच्या पानाचा फोटो काढून पुतण्याला पाठवतो. तो ठाण्यात असतो. घरातच दोन प्रती ठेवल्या तर पाणी दोन्हीकडे येतं.

*

पुणे_ते_देवरुख | ११ जून, दुपारी १:२०

वरचे दोन प्रतिसाद पाठोपाठ वाचून माझं अर्धं मत बदललं. नंबरांचा कागद आजच छापतो.

*

चाकरमानी_डोंबिवली | ११ जून, रात्री ८:४५

कागदवाल्यांना एक प्रश्न. गणपतीचं तिकीट कसं काढता? पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते आणि कोकण रेल्वेच्या गाड्या बघता बघता भरतात. इथे वहीत 'तिकीट काढणे' लिहून उपयोग शून्य. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय हातात पडलं की चतुर्थी बघायची, जायचा दिवस ठरवायचा, साठ दिवस मागे मोजायचे आणि फोनमध्ये तीन गजर लावायचे: आदल्या रात्री, साडेसातला आणि पावणेआठला. परतीच्या तिकिटाचा वेगळा.

बाकी टिपणांना मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ती सोय आली, त्याआधी एकट्याचाच ग्रुप करून ठेवला होता. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून याच्याइतकं पटकन काही उघडत नाही. तोटा असा की सगळं वर वर सरकत जातं आणि नजरेआड होतं. धागाकर्त्यांची रात्रीची खतावणी यालाही लागू आहे: झोपताना तो निरोपांचा ढीग रिकामा करायचा, काम झालेला निरोप पुसायचा. जो दिसतोय तो बाकी आहे.

*

कोकम_सरबत | ११ जून, रात्री ९:३०

कातळसडा, फवारणीचं रजिस्टर वेगळं का? तेही मोबाईलमध्ये का नाही?

*

कातळसडा | ११ जून, रात्री १०:०५

कारण ते दुसऱ्याला दाखवावं लागतं. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती प्रमाणात, कुठल्या कलमांवर, आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी, हे निर्यातीचा माल असेल तर विचारलं जातं. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या मँगोनेटवर, म्हणजे आंबा बागांच्या नोंदणीत, बाग नोंदवलेली असेल तर नोंदी लागतातच. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, २०१५ च्या जानेवारीत ती उठली. तेव्हापासून नोंदींकडे लोक जास्त गांभीर्याने बघायला लागले, निदान आमच्या भागात.

शिवाय फवारणारे गडी माझ्या मोबाईलमध्ये लिहिणार नाहीत. रजिस्टर पंपाच्या खोलीत टांगलेलं असतं, तिथेच लिहितात. कलमांवर रंगाने आकडे टाकलेत, त्यामुळे 'विहिरीकडचं तिसरं' असले वाद नाहीत. महिनाअखेरीस मी पानांचे फोटो घेतो. वाशिष्ठीकाठ यांचं वाचून ते आता रोज घेईन आणि बहिणीला पाठवेन.

*

काजूगर | १२ जून, दुपारी ३:२०

सगळं वाचलं. एक राहिलंच. इथे खिशातली वही, केबिनची फळी, टेक्स्ट फायली सगळं आलं. पण घरचं जे असतं, रॉकेलपासून रेशनपर्यंत, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाच्या शाळेचा दाखला, श्रावणातली सवाष्ण, गणपतीत माटवीला (मूर्तीवरच्या सजावटीच्या चौकटीला) लागणारं सामान, ते कोण टिपतं? बहुतेक घरांत ते कुठेच टिपलेलं नसतं. ते घरातल्या बाईच्या डोक्यात असतं आणि बाकीचे तिला विचारतात, 'चहापूड आहे का गं?' तिच्या डोक्याची खतावणी कोण लिहिणार?

आमच्याकडे मी स्वयंपाकघराच्या दाराला शाळेची पाटी लावली. नियम एकच: जी वस्तू ज्याच्या हातून संपली त्याने ती लिहायची. मला सांगायचं नाही. सांगितलं तर मी ऐकलं नाही असं समजायचं. बाजारात जाणारा निघताना पाटीचा मोबाईलवर फोटो काढतो. पहिला महिना दोनदा साखर आली आणि मीठ आलंच नाही, आता बरं चाललंय. गणपतीच्या सामानाची यादी मात्र कायमची आहे, हर्णैकरांच्या फळीसारखी. गेल्या वर्षीच्या वहीतलं तेच पान, दर वर्षी पेन्सिलने खुणा करायच्या, विसर्जनानंतर खोडरबर. काय उरलं, काय कमी पडलं ते त्याच पानावर कडेला.

*

हर्णैकर | १२ जून, दुपारी ४:००

ताई, बरोबर. बोटीवर आम्ही खलाशांना लिहायला लावतो आणि घरी येऊन विचारतो चहापूड आहे का.

*

कातळसडा | १२ जून, रात्री ९:२५

बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं की पाहुण्यांच्या जेवणाच्या आवडीनिवडी तुमच्या वहीत कधीपासून यायला लागल्या. त्या तिच्याकडेच असतात, फोनवर बुकिंग मी घेतो आणि तिला ओरडून सांगतो. उद्या पाटी आणतो.

*

माडावयलो | १२ जून, रात्री ९:५०

पाटी दगडाची घेवा, प्लास्टिकची नको. आणि खडू डब्यात ठेवा, पावसात मऊ पडता.

*

मीनल_इन_मुंबई | १३ जून, सकाळी ८:१०

@हर्णैकर, त्या केबिनच्या फळीचा फोटो टाकाल का? मला ऑफिसच्या टूर किटसाठी तसंच काहीतरी करायचंय.

*

हर्णैकर | १३ जून, सकाळी ८:४५

आता नाही, मिस्त्रीने फळी काढून नेलीय, रंग द्यायचाय. बोट पाण्यात उतरली की टाकतो. यंदा यादीत टॉर्चचे सेलही रंगवून घेणार आहे.